चार नंबरच्या बाटलीतली जवसाची चटणी

आमच्या घरात डब्यावर जे लिहिलेलं असतं ते डब्यात कधीच नसतं. आइस्क्रीमच्या डब्यात इडलीचं पीठ, कॉफीच्या बरणीत तूरडाळ आणि निळ्या गोल कुकीजच्या डब्यात सुईदोरा. हे आमच्याच घरात चालतं असं मला लहानपणी वाटायचं. पुढे अमेरिकेत आले, आमच्या कॅरी गावातल्या बऱ्याच मराठी घरांत जेवले आणि खात्री पटली की हा आपला राष्ट्रीय नसला तरी राज्यस्तरीय गुण नक्की आहे. माझी इथेच वाढलेली मुलगी एकदा मोठ्या आशेने फ्रीझरमधला चॉकलेट आइस्क्रीमचा डबा उघडून आत बघत राहिली आणि म्हणाली, "मॉम, धिस इज अ लाय." आत मटार होते.

हे सगळं सांगायचं कारण, याच गुणापायी एका शनिवारी डोंगरावर माझा जीव टांगणीला लागला होता.

आधी रेडिओचं सांगते. मी पोटासाठी सॉफ्टवेअर करते आणि आनंदासाठी हॅम रेडिओ. म्हणजे सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं आणि स्वतःच्या यंत्रावरून लांबच्या माणसांशी बोलायचं. ना इंटरनेट, ना मोबाईलचा टॉवर. अंगणातल्या दोन झाडांना एक तार बांधायची. आपला आवाज वर आभाळातल्या एका थराला आपटतो आणि शेकडो मैलांवर कुणाच्या तरी घरात उतरतो. मला पहिल्यांदा उत्तर आलं ते जॉर्जियातल्या अल्फारेटाहून, आणि तेही मराठीत. मी गॅरेजमध्ये अक्षरशः उड्या मारल्या. नवरा दारात येऊन म्हणाला, "फोन केला असता तर?" या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

उत्तर देणाऱ्या होत्या डॉक्टर मावशी. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात भूल देण्याचं काम करून निवृत्त झालेल्या, बोलायला कडक, पुण्याच्या. त्यांच्यामुळे मला आमच्या रविवारच्या कट्ट्याचा पत्ता लागला. दर रविवारी दुपारी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर पूर्वेकडच्या राज्यांतली मराठी हॅम मंडळी जमतात. कुणी 'जय भीम' म्हणून सुरुवात करतं, कुणी 'नमस्कार' म्हणून, आणि न्यू जर्सीचे एक काका नुसतंच 'काय यार, आहात का सगळे?' असं विचारतात. या काकांकडे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत ते आलेलं असतं.

हॅम रेडिओचा नियम साधा आहे. माईकचं बटण दाबलं की बोलता येतं पण ऐकू येत नाही, आणि सोडलं की ऐकू येतं पण बोलता येत नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. दहा मराठी माणसांकडून हा नियम पाळून घेणं किती अवघड आहे ते वेगळं सांगायला नको.

त्यात नागपूरहून माझी आई आली, सहा महिन्यांसाठी. मी गॅरेजमध्ये रेडिओ लावला की ती खुर्ची ओढून मागे भाजी निवडत बसायची आणि नेमकं मी बटण दाबलं की बोलायची. त्यांना विचार जेवले का. त्यांना सांग आज तुझा घसा बसलाय. त्या बाईंना मुलं किती, ते विचारलंस का? मी मान न वळवता म्हणायची, "आई, बोलू नकोस, माईक चालू आहे." त्या सहा महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी माईक बंद असतानाही म्हणायला लागले. आईचं उत्तर ठरलेलं होतं. "मी कुठं बोलून राहिली? मी तं सांगून राहिली." आणि माईक तिच्यासमोर धरला की मात्र ती पदर सावरून गप्प. एवढ्या लोकांत काय बोलायचं, म्हणायची.

आमच्या गावच्या रेडिओ क्लबात एक अमेरिकन आजोबा आहेत. तरुणपणी ते अलास्कात नदीकाठच्या एका अगदी आडगावी शाळामास्तर होते. तिथे रस्ता नाही, फोन नाही, डॉक्टर विमानाने यायचा तोही हवा चांगली असली तर. पण शाळेत एक रेडिओ होता. रोज ठरलेल्या वेळी लांबच्या इस्पितळातला डॉक्टर एकेका गावाला हाक मारायचा, आणि ज्या गावात कुणी आजारी असेल त्या गावाने काय होतंय ते सांगायचं. प्रत्येक गावात एक औषधांची पेटी ठेवलेली, बाटल्यांवर नंबर घातलेले. डॉक्टर नावं सांगत बसायचाच नाही. अमुक नंबरची गोळी द्या, उद्या कळवा, की पुढचं गाव. मजा अशी की हे बोलणं नदीकाठच्या सगळ्या गावांना ऐकू जायचं. कुणाला कुठे गळू झालंय हे शंभर मैलांपर्यंत माहीत. पण डॉक्टरच्या वेळेत मध्ये कुणी चकार शब्द काढायचं नाही, असं आजोबा सांगायचे. मला हे ऐकताना हसू आवरायचं नाही. आमचा रविवारचा कट्टा त्या नदीकाठी नेऊन सोडला असता तर रोगी दगावले असते पण गप्पा थांबल्या नसत्या.

आजोबांच्या मनात होतं की एकदा ती 'डॉक्टरची वेळ' पुन्हा करून बघावी. ब्लू रिजच्या डोंगरात, जिथे मोबाईलला रेंज नाही अशा जागी जायचं, झाडाला तार बांधायची, एकाने खोटा खोटा रोगी व्हायचं आणि दूरच्या डॉक्टरने रेडिओवरून उपचार सांगायचे. त्यांनी जुन्या पद्धतीची पेटीही केली. लाकडी, आत नंबर टाकलेल्या सहा बाटल्या, आणि बाटल्यांत दुकानात साध्या मिळणाऱ्या गोळ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या नंबरात काय ते लिहून ठेवलं. डॉक्टर म्हणून मी अल्फारेटाच्या मावशींना तयार केलं, त्यांना बाटल्यांची यादी कळवली, आणि रोगी मी स्वतः व्हायचं ठरलं, घोटा मोडलेली. पेटी आदल्या दिवशी आजोबा आमच्या घरी ठेवून गेले.

आईला हे सोंग मुळीच पसंत नव्हतं. "मी अंधश्रद्धा मानत नाही," ती म्हणाली, "पण धडधाकट माणसानं लंगडायचं कशाला?" मग लगेच म्हणाली की तीही येणार, कारण त्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभर सँडविचवर ठेवणं बरं दिसत नाही. माझा नवरा त्या दिवशी ऑफिसच्या ड्यूटीवर होता आणि मुलगी मैत्रिणीकडे, म्हणून आजोबांच्या ट्रकमध्ये आम्ही तिघंच निघालो. मागे तंबू, तारा, रेडिओ, औषधांची पेटी, आणि आईच्या तीन पिशव्या.

जागा फार सुंदर होती. खाली निळ्या डोंगरांच्या रांगा, वर ऊन, आणि माणूस औषधालाही नाही. तार चढवली, रेडिओ लावला, आणि पहिल्याच हाकेला डॉक्टर मावशींचा आवाज इतका स्वच्छ आला की आजोबांनी टोपी काढून हवेत उडवली आणि ती झाडावर अडकली. मागोमाग न्यू जर्सीचे काका आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, मी फक्त ऐकतोय. मला तेव्हा इतका आनंद होत होता की मी त्यांनाही या म्हटलं.

सोंगाआधी जेवायचं ठरलं. आईने भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी काढली. आजोबांनी चटणी बोटाने चाटून बघितली आणि मग भाकरीबरोबर खाण्याऐवजी भाकरी चटणीबरोबर खाल्ली. जेवण झालं, आईने हात धुतले. आता आमच्याकडे हात धुतलेलं पाणी कुणी उगाच ओतत नाही, ते झाडाच्या मुळाशी जातं. आई एक बरं झाड शोधून त्याच्या बुंध्याशी तांब्या रिकामा करायला गेली. त्या बुंध्याशी जमिनीत एक बीळ होतं आणि बिळात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. इकडच्या गांधीलमाश्या जमिनीखाली घर करतात हे नागपूरच्या बाईला कुठून माहीत असणार?

आई पदर झाडत पळत आली तेव्हा आधी मी हसले, हे खरं सांगते. मग तिचा चेहरा बघितला. हातावर चार-पाच आणि खालच्या ओठावर एक डंख होता. ओठ बघता बघता फुगत होता, आणि मानेवर लाल गांध्या उठायला लागल्या होत्या. काही माणसांचा अशाने गळा सुजतो आणि श्वास कोंडतो, हे मला माहीत होतं. आजोबांनी तिला ट्रकच्या सावलीत बसवलं आणि मी माईककडे धावले.

मी बटण दाबून जे काय बोलले ते भडाभडा बोलले. मावशींचा आवाज आला, "छान. पण आपलं घोटा मोडायचं ठरलं होतं ना?" मी म्हटलं, मावशी, सोंग नाही हे, खरंच आईला चावल्यात. आणि मग मावशींच्या आधी न्यू जर्सीचे काका. लोखंड घासा, चाकू असेल तर चाकू घासा, हळद लावा, कांदा कापून चोळा. मग आणखी एक अनोळखी आवाज, चुना लावा म्हणणारा. तो अमेरिकेत चुना कुठे मिळतो हेही सांगत होता. दोघं एकावर एक बोलत होते, आणि त्यांच्याखाली मावशींचा आवाज बुडालेला मला तुकड्यातुकड्यांत ऐकू येत होता.

शेवटी मावशी वरचढ ठरल्या. "ही डॉक्टरची वेळ आहे," त्या म्हणाल्या, "आता दुसरं कुणी बोलायचं नाही." आणि खरोखर सगळे गप्प झाले. मावशींनी काकांना एकच काम दिलं, फोन करून डोंगराच्या पायथ्याशी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मग मला विचारलं की अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन जवळ आहे का. नव्हतं. मग म्हणाल्या, पेटीतली चार नंबरची गोळी दे आणि ताबडतोब खाली निघा.

मी पेटी उघडली. चार नंबरच्या बाटलीत जवसाची चटणी होती.

एक नंबरात ओवा. दोनमध्ये सुंठ. तीनमध्ये बडीशेप. मी वेड्यासारखी एकेक झाकण काढून हुंगत होते. आजोबा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. अलास्कातल्या एकाही पेटीत त्यांनी ओवा पाहिला नसावा. मी आईकडे वळले. ती सुजलेल्या ओठांनी काहीतरी सांगायला लागली, हात नाचवत. आणि मी काय म्हटलं? "आई, बोलू नकोस, श्वास जपून घे." ती पुन्हा सांगायला गेली. मी पुन्हा गप्प केलं. आणि तिच्या तिन्ही पिशव्या गवतावर उलट्या केल्या. डबे, डब्यांत डबे, आणि एकाही डब्यावरचं नाव खरं नाही.

मी रडकुंडीला येऊन मावशींना सांगितलं की बाटल्यांत मसाले आहेत आणि गोळ्या कुठे आहेत कळत नाही. मावशी म्हणाल्या, "आईंना बोलता येतंय?"

"येतंय, पण मी बोलू देत नाहीये. श्वास—"

"अगं, मला तो श्वासच ऐकायचाय. इथून मला दुसरं काय दिसतंय? माईक त्यांच्या तोंडाशी धर आणि बोलू दे."

मी आईच्या तोंडाशी माईक धरला आणि बटण दाबलं. आईने सवयीने पदर सावरला.

"जय भीम, ताई. जेवल्या का तुम्ही? मी केव्हाची सांगून राहिली, गोळ्या कुकीच्या डब्यात आहेत, पण ही पोरगी बोलू देईन तं ना."

निळा गोल कुकीजचा डबा माझ्या पायाशीच पडला होता. त्यात सुईदोरा असणार म्हणून मी तो उघडलाच नव्हता. आत सुईदोरा होताच, आणि त्याच्या शेजारी कागदाच्या सहा छोट्या पुड्या, प्रत्येक पुडीला गोळीच्या रंगाचा दोरा गुंडाळलेला. चार नंबरची गोळी गुलाबी, मावशी म्हणाल्या, आणि गुलाबी दोऱ्याच्या दोन पुड्या निघाल्या. मी दोन्हीतल्या गोळ्यांचा आकार आणि त्यांवरची अक्षरं वाचून दाखवली. मोठी गोल ती पोटाची, मावशी म्हणाल्या, लहान दे. मी लहान दिली.

"आवाज अजून मोकळा आहे," मावशी म्हणाल्या. "आता निघा. आणि खाली पोचेपर्यंत त्यांना बोलत ठेवा. थांबल्या की मला काळजी."

आजोबांच्या ट्रकमध्ये रेडिओ बसवलेलाच होता. तंबू, तार, टोपी, सगळं तिथेच टाकून आम्ही निघालो. आजोबा गाडी चालवत होते, मधे आई, खिडकीशी मी, एका हाताने तिचा हात आणि दुसऱ्याने माईक धरून. आणि माझी आई, जिला मी आल्यापासून गप्प करत होते, ती त्या खडबडीत रस्त्याने हिंदकळत अमेरिकेच्या आभाळात बोलत सुटली. काय बोलू, असं तिने एकदाच विचारलं. मग आधी बाटल्यांचा खुलासा केला. एवढी मोठी बाटली आणि तळाशी इवल्याशा गोळ्या, किती जागा वाया. झाकण असं घट्ट की दमट हवा आत जाणार नाही, मग त्यात चटणी नाही ठेवायची तर काय ठेवायचं? मग जवस कसे भाजायचे ते. मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. मधे मी बटण सोडायची, आणि मावशींचा एवढाच शब्द यायचा, "पुढे." काकांचा मात्र एकदा तोल गेलाच. लसूण घालायची की नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मावशी त्यांना काही बोलल्या नाहीत. मला वाटतं त्यांनाही ते हवं होतं.

लसणाच्या मध्यावर आई थांबली.

मी बटण सोडलं तर मावशी, "का थांबल्या? बोलायला सांग." मला तिच्याकडे बघायचं धाडस होईना. असं वाटलं की आता सगळं आपल्या हातून गेलं. मग माझ्या कोपराला धक्का देऊन आई म्हणाली, "हरणं पाहून राहिली होती बाई. केवढी ती." रस्त्याच्या कडेला खरंच हरणं होती, पिल्लांसकट. मी बटण दाबून मावशींना सांगितलं, हरणं होती. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आजोबांना एक अक्षर कळत नसताना तेही हसत होते.

पायथ्याशी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. त्या लोकांनी आईला तपासलं, इंजेक्शन दिलं, इस्पितळात नेऊन संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि सोडलं. ओठ दोन दिवस सुजलेला होता. इस्पितळातल्या तेवढ्या वेळात तिने नर्सला जवसाचे फायदे सांगून टाकले, दुभाषी अर्थात मी.

पुढच्या रविवारी कट्ट्यावर माझी कुणी विचारपूस केली नाही. आई आहे का, एवढंच विचारलं. ती आली आणि न लाजता माईकसमोर बसली, आणि परत जाईपर्यंत दर रविवारी बसत राहिली. आजोबांना मी विचारलं होतं, अलास्कात डॉक्टरची वेळ संपली की लोक रेडिओ बंद करायचे का? ते म्हणाले, कुणीच करायचं नाही. त्यांनी पेटी पुन्हा नीट लावली आहे. आता त्यात सात बाटल्या आहेत आणि सातव्या नंबरात काय, ते त्यांनी झाकणाच्या आत माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आहे.

आई नागपूरला परतली. तिचा फोन सकाळी माझ्या कामाच्या घाईत येतो आणि संपता संपत नाही. शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, बुद्धविहारातल्या खिरीत कमी पडलेली साखर, भाजीवाला, सगळं. पूर्वी मी मधेच तोडायची. आता लॅपटॉप बाजूला सारते आणि शब्दांच्या मधला तिचा श्वास ऐकत बसते. मावशींनी शिकवलेलं ते कान द्यायचं काम आता सुटत नाही. परवा ती बोलता बोलता थांबली. मी म्हटलं, "आई, बोल ना. बोलत राहा."

"काय बोलत राहू?" ती म्हणाली. "जवस करपून राहिले इकडं तुझ्यापायी." आणि तिने फोन ठेवून दिला.